प्रयोगशाळेला कुलूप लावून ख्रिस्ती विज्ञान शिकवता येणार नाही
आमच्या मिशन शाळेच्या व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि समितीचे सन्माननीय सभासद,

प्रभूच्या नावाने सलाम.

येत्या जूनपासून आठवी आणि नववीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांच्या तासिका बंद करायच्या आणि त्या वेळात ख्रिस्ती दृष्टीने द्रव्याचे गुणधर्म व रचना शिकवणारी एक भाषांतरित पुस्तिका घ्यायची, असा ठराव आपण केला आहे. प्रयोगशाळेच्या खोलीत आता प्रोजेक्टर आणि खुर्च्या येणार. काचसामान खोक्यांत भरून कोठीत गेलंसुद्धा. पुस्तिकेवर चाचणी होणार आणि तिचे गुण विज्ञानाच्या अंतर्गत मूल्यमापनात धरले जाणार, असं पालकांना दिलेल्या परिपत्रकात म्हटलं आहे. परिपत्रक हातात पडल्यावर मी समितीला लेखी विनंती केली. उत्तर आलं नाही. शाळा उघडायला आता फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी याच शाळेत शिकले आणि निवृत्त होईपर्यंत याच शाळेत विज्ञान शिकवलं. माझे आजोबा मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाची पूड तोलताना काटा स्थिर झाल्याशिवाय ते कुणाशी बोलत नसत, असं आई सांगायची. माझी नात यंदा आठवीत जाते आहे. आपल्यापैकी काही जण माझ्याच वर्गात बसलेले आहेत, आणि रविवारी आपण एकाच मंडळीत उपासनेला असतो. तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेला विरोध म्हणून कुणी हे पत्र वाचू नये. विज्ञान ख्रिस्ती दृष्टीने शिकवलं जावं असं मलाही वाटतं, मनापासून वाटतं. आपण जे आणलं आहे ते मात्र तसं नाही, एवढंच मला सांगायचं आहे, आणि का नाही ते सविस्तर सांगायचं आहे.

पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तिच्यात चांगलं काहीच नाही असं नाही. पाण्यावरचं पान चांगलं आहे. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जास्त असते, बर्फ पाण्यावर तरंगतो, म्हणून थंड देशांतली तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात. यात देवाची योजना दिसते, असं तिथे लिहिलं आहे. मलाही ती दिसते. पण बर्फ तरंगतो कशामुळे, हे त्या पानावर कुठेच नाही. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू ऑक्सिजनशी सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून असतात. गोठताना हे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात आणि मोकळ्या जाळीसारखे रचले जातात. त्यामुळे तेवढंच पाणी जास्त जागा घेतं. योजनेची स्तुती करायची आणि योजना चालते कशी हे मुलांना सांगायचं नाही, याला मी स्तुती म्हणणार नाही.

आता ज्या पानामुळे मला झोप लागली नाही, त्या पानाकडे येते. अणूच्या केंद्रकावरचं पान. तिथे लिहिलं आहे की प्रोटॉन धनप्रभारित असतात, सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, तरीही केंद्रक फुटत नाही. ते कशाने एकत्र राहतं हे शास्त्रज्ञांना सांगता येत नाही. उत्तर बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात पहिल्या अध्यायाच्या सतराव्या वचनात आहे, ख्रिस्तामध्ये सर्व काही टिकून आहे. खाली रिकामी जागा भरा: ‘केंद्रकाला एकत्र धरून ठेवणारी शक्ती ______.’ अपेक्षित उत्तर ‘येशू ख्रिस्त’.

शास्त्रज्ञांना सांगता येत नाही, हे खरं नाही. हिदेकी युकावा या जपानी शास्त्रज्ञाने १९३५ सालीच केंद्रकातल्या बलाचा सिद्धांत मांडला आणि पुढे त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना एकमेकांशी बांधणारं बल वेगळं आहे. एका मीटरच्या एक हजार लाख कोटीव्या भागाइतक्या अंतरावर ते विद्युत बलाच्या कितीतरी पट जोरकस असतं आणि अंतर थोडं वाढलं की जवळजवळ नाहीसं होतं. न्यूट्रॉनला प्रभार नसतो. तो ढकलत नाही, नुसता बांधतो. म्हणून केंद्रक जितकं जड, तितके त्यात न्यूट्रॉन जास्त लागतात. हेलियमला दोन प्रोटॉनांमागे दोन पुरतात, युरेनियम-२३८ मध्ये ९२ प्रोटॉनांमागे १४६ असतात, आणि एवढे असूनही ते केंद्रक कायमचं टिकत नाही. आठवीच्या ‘अणूचे अंतरंग’ या धड्यानंतर कुठल्याही हुशार मुलाच्या मनात ‘प्रोटॉन एकत्र राहतात कसे?’ हा प्रश्न येतोच. माझ्या वर्गात तो दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. विज्ञानातला इतका सुंदर प्रश्न त्या मुलाला पडलेला असताना आपण त्याला चुकीची माहिती देऊन गप्प बसवणार आहोत.

आणि श्रद्धेच्या बाजूने पाहिलं तर हे पान आणखी धोक्याचं आहे. केंद्रक बांधून ठेवणारं बल म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्त, असं मुलाला शिकवलं, तर युरेनियमचं केंद्रक फुटतं तेव्हा काय झालं म्हणून सांगायचं? प्रभूचा हात सुटला? १९४५ साली हिरोशिमावर जे घडलं ते त्याने पकड सोडली म्हणून घडलं? चौदा वर्षांचं मूल हा प्रश्न विचारणारच, आणि पुस्तिकेत त्याला उत्तर नाही. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने ‘सर्व काही’ म्हटलं आहे. त्या ‘सर्व काही’त केंद्रकही आलं, केंद्रकातलं बलही आलं, ते बल मोजणारी माणसंही आली. देवाला फक्त आपल्याला न कळलेल्या कोपऱ्यात बसवलं, तर कळण्याचा उजेड जसजसा त्या कोपऱ्यात पोचेल तसतसा त्या मुलाचा देव लहान होत जाईल. मला माझ्या नातीचा देव असा लहान व्हायला नको आहे.

हाच दोष लॅमिनिनच्या चित्रातही आहे. शरीरातल्या पेशींना आधार देणाऱ्या या प्रथिनाची आकृती क्रुसासारखी दिसते, ती पानभर छापून खाली ‘निर्माणकर्त्याची सही’ असं लिहिलं आहे. पाठ्यपुस्तकातली आकृती सोयीसाठी सरळ काढलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या भुजा वाकड्यातिकड्या पसरलेल्या दिसतात. शिवाय शरीरात हजारो प्रथिनं आहेत आणि प्रत्येकाचा आकार त्याच्या कामाला साजेसा आहे. हिमोग्लोबिनचा आकार क्रुसासारखा नाही, म्हणून ते कुणा दुसऱ्याने केलं का? जे दिसतं ते दृश्य वस्तूंपासून झालेलं नाही, हे इब्रीकरांस पत्रातल्या अकराव्या अध्यायाचं वचन अणूंची भविष्यवाणी म्हणून दिलं आहे, तेही तसंच. तो अध्याय विश्वासाचा आहे. त्याला रसायनशास्त्राच्या साक्षीला उभं करण्याची गरज नाही.

माझी पुढची तक्रार प्रयोगशाळेची आहे. दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. दोन वर्षं परीक्षानळी हातात न धरलेल्या मुलाला आपण दहावीत एकदम प्रयोगवही लिहायला बसवणार. खासगी क्लासला जाणाऱ्यांचं कसंतरी निभेल. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, ज्यांचे वडील एमआयडीसीत रोलिंग मिलच्या पाळ्या करतात, त्यांच्यासाठी आपली प्रयोगशाळा हीच एक प्रयोगशाळा आहे. पण मी गुणांवर जास्त बोलत नाही. गुण हा लहान मुद्दा आहे.

मोठा मुद्दा असा की द्रव्य हाताळल्याशिवाय कळत नाही, आणि मराठवाड्यात ते हाताळायला दूर जावं लागत नाही. मे महिन्यात आपल्या शिवारातल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत त्या मिटतात. का? या मातीतल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांवर पापुद्रे रचल्यासारखे असतात. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं, माती फुगते. पाणी उडून गेलं की आकसते. द्रव्याच्या रचनेवरून त्याचा गुणधर्म ठरतो, हा सबंध धडा एका मोजपात्रात मूठभर माती आणि पाणी घेऊन शिकवता येतो. मी तसाच शिकवत आले. मुलं घरून माती आणायची, कुणाची नदीकाठची, कुणाची मुरमाड. कोणती किती फुगली ते वहीत लिहायची, आणि ज्याची माती सगळ्यात जास्त फुगायची तो घरी जाऊन वडिलांना विचारायचा की आपल्या घराची भिंत चिरली ती याच्यामुळेच का.

टँकरचं गढूळ पाणी घ्या. तुरटी फिरवली की पाणी निवळतं, हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. गाळाच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटीतल्या अॅल्युमिनियमच्या धन आयनांमुळे तो प्रभार उरत नाही, कण एकत्र येतात, जड होतात, खाली बसतात. धन आणि ऋण हे फळ्यावरचे शब्द राहत नाहीत, बादलीत दिसतात. बोअरच्या पाण्याने पातेल्याला चढलेला पांढरा थर लिंबाच्या रसाने फसफसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. यातलं काहीही प्रोजेक्टरवर दाखवता येईल. पण पडद्यावर दिसलं आणि स्वतःच्या हाताने झालं, यात मुलाच्या दृष्टीने फार मोठं अंतर आहे. हाताने केलेल्या प्रयोगात अपेक्षेपेक्षा वेगळं काही निघू शकतं, आणि मग त्याला खरं काय ते लिहावं लागतं.

इथेच मला ख्रिस्ती दृष्टी दिसते. नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाची सुरुवातच खोट्या तराजूने होते: परमेश्वराला त्याचा वीट आहे, खरं वजन त्याला आवडतं. मी ‘द्रव्याचे संघटन’ शिकवताना हे वचन सांगत असे, तेही मुलांच्या हातात तराजू असताना. ज्वलनानंतर वजन वाढलं तर वाढलं असं लिहायचं, शेजाऱ्याच्या वहीतून आकडा उतरवायचा नाही, आपला आकडा पुस्तकाशी जुळला नाही तर पुन्हा तोलायचं. ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात माणूस जमिनीच्या पोटातून लोखंड काढतो, दगड वितळवून तांबं काढतो, अंधाराच्या टोकापर्यंत शोध घेतो, असं वर्णन आहे. जालन्यात भंगार वितळवून सळ्या ओढणाऱ्या कामगाराच्या मुलीला हे वाचून दाखवा आणि मग लोखंड १५३८ अंशांना का वितळतं, त्यात किंचित कार्बन मिसळला की त्याची ताकद का बदलते, हे शिकवा. तिला आपल्या वडिलांच्या कामाचाही मान कळेल, पवित्र शास्त्राचाही आणि धातूचाही. असं शिकवणारी पुस्तिका आपण आणली असती, तर मी स्वतः तिच्या प्रती वाटल्या असत्या.

जे लोक द्रव्याचा शोध घेत होते आणि प्रभूवर विश्वासही ठेवत होते, त्यांची नावं पुस्तिकेत आहेत, पण त्यांनी काय केलं ते नाही. रॉबर्ट बॉइलने बायबलच्या आयरिश भाषांतराच्या छपाईला स्वतःचा पैसा दिला, हे आहे. त्याने काचेच्या वाकड्या नळीत पारा ओतून हवेचा दाब आणि आकारमान यांचं नातं आकड्यांनी मांडलं, हे नाही. मायकेल फॅरडे लंडनमधल्या एका लहानशा मंडळीत वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा ज्येष्ठ सेवक, म्हणून सेवा करत असे. त्याने नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं दिली ती एका मेणबत्तीवर, आणि ती मेणबत्ती मुलांसमोर पेटवून.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलची गोष्ट समितीने नीट ऐकावी, अशी माझी विनंती आहे. तो भक्तिमान ख्रिस्ती होता. १८७३ साली ब्रॅडफर्डच्या भाषणात त्याने म्हटलं की रेणू निर्माण झाले तेव्हा जसे होते तसेच आजही आहेत, त्यांत झीज नाही, बदल नाही, आणि त्यात त्याला निर्मात्याची खूण दिसली. त्याच्या देखरेखीखाली केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या दारावर १११ व्या स्तोत्रातलं वचन लॅटिनमध्ये कोरलं आहे: परमेश्वराची कृत्यं थोर आहेत, ज्यांना ती आवडतात ते त्यांचा शोध घेतात. पुढे १८९६ मध्ये किरणोत्साराचा शोध लागला, आणि काही अणू आपोआप बदलतात हे हळूहळू उघड झालं. १८९७ मध्ये त्याच दाराच्या आत जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. १९३२ मध्ये तिथेच जेम्स चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. मॅक्सवेलचं त्या भाषणातलं म्हणणं त्याच्याच प्रयोगशाळेने दुरुस्त केलं. दारावरचं वचन त्यामुळे खोटं ठरलं नाही, उलट पाळलं गेलं. त्या वचनाखालून आत जाऊन लोकांनी शोध घेतला. आपण वचन ठेवतो आहोत आणि दार बंद करतो आहोत.

मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्यांची सारणी मांडली तेव्हा जिथे माहीत नव्हतं तिथे जागा रिकाम्या सोडल्या. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, १८८६ मध्ये जर्मेनियम, आणि त्या जागा भरल्या. रिकामी जागा रिकामी ठेवायला धैर्य लागतं. आपल्या पुस्तिकेत रिकाम्या जागा आहेत त्या फक्त ठरलेलं उत्तर भरण्यासाठी.

शेवटची तक्रार संमतीची. आपल्या वर्गात ख्रिस्ती मुलं थोडी आहेत. बौद्ध, मुस्लिम, मराठा, वंजारी, लिंगायत अशा सगळ्या घरांतली मुलं आपल्याकडे येतात, कारण त्यांच्या आजी-आजोबांनीही मिशनच्या शाळेवर विश्वास टाकला होता. शाळा अनुदानित आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने आपल्याला अल्पसंख्याक म्हणून शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याच संविधानाचा अनुच्छेद २८ (३) सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणाही विद्यार्थ्याला, तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात सहभागी व्हायला लावता येत नाही. विज्ञानाच्या तासिकेत घेतलेली आणि विज्ञानाच्या गुणांत धरलेली ही चाचणी म्हणजे न विचारता दिलेलं धार्मिक शिक्षणच आहे. ‘येशू ख्रिस्त’ हा शब्द गुणासाठी लिहायला लावणं हे त्या मुलांवर अन्यायाचं आहे आणि प्रभूच्या नावाचा मान राखणारंही नाही. आपल्या मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या बरोबरीने राबलेल्या मराठी माणसांनी, जालन्याजवळ बेथेल वसवणाऱ्या रेव्ह. नारायण शेषाद्रींसारख्यांनी, या भागात जे नाव कमावलं ते असं धोक्यात घालण्याचा अधिकार कुठल्याही एका समितीला नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रयोगशाळा शाळा उघडण्याच्या दिवशी उघडी असावी, काचसामान परत मांडलेलं असावं आणि आठवी-नववीच्या प्रात्यक्षिकांच्या तासिका वेळापत्रकात पूर्वीसारख्या असाव्यात. प्रोजेक्टर दुसऱ्या खोलीत बसवा, माझी हरकत नाही.

पुस्तिकेच्या चाचणीचा विज्ञानाच्या गुणांशी असलेला संबंध लेखी परिपत्रक काढून रद्द करावा.

ही पुस्तिका आहे तशी कुठल्याच मुलाच्या हाती देऊ नये, मंडळीच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गातसुद्धा. केंद्रक, लॅमिनिन आणि इब्रीकरांस पत्राची पानं आधी काढावीत. ख्रिस्ती मुलांनाही चुकीचं शिकवण्याचा आपल्याला हक्क नाही.

तिच्याऐवजी आपलं स्वतःचं मराठी पूरक साहित्य तयार करावं. त्यासाठी शाळेचे विज्ञान शिक्षक, पाळकसाहेब आणि निदान दोन पालक, त्यांतले एक ख्रिस्तेतर, यांना एकत्र बसवावं. ते सगळ्या मुलांसाठी नसेल, तर शाळेच्या वेळेबाहेर आणि पालकांच्या लेखी संमतीने वापरावं. काळी माती, तुरटी, बोअरचं पाणी आणि लोखंड यांवरचे पाठ मी लिहून देईन. मानधन नको.

प्रयोगशाळेसाठी पालकांकडून घेतलेली फी गेल्या वर्षी कशावर खर्च झाली, ते सूचना फलकावर लावावं. परिचराचं पद रिकामं आहे, ते भरण्यासाठी शिक्षण विभागाकडे पाठपुरावा करावा.

आणि यापुढे अभ्यासक्रमाला हात लावणारा ठराव विज्ञान शिक्षकांना आणि पालक-शिक्षक संघाला विचारल्याशिवाय होऊ नये.

समितीची बैठक शाळा उघडण्याआधी बोलवावी. मला बोलावलं तर मी येईन, आणि पुस्तिकेची एकेक ओळ समोर ठेवून बोलेन. येताना कोठीतल्या खोक्यांची किल्ली मात्र कुणीतरी सोबत आणावी.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका आणि आठवीतल्या मुलीची आजी
जालना